कार्बनचा हिशेब ठेवणारे करिअर

कारखान्यातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हे धुराड्याला यंत्र लावून क्वचितच मोजतात. बहुतेक आकडे बिलांतून आणि नोंदवह्यांतून निघतात. किती कोळसा जळला, किती डिझेल भरले, किती युनिट वीज लागली हे शोधायचे आणि त्याला ठरलेल्या गुणकाने गुणायचे, असे हे काम आहे. ते करणाऱ्याला कार्बन अकाउंटंट किंवा सस्टेनेबिलिटी अ‍ॅनालिस्ट म्हणतात.

समजा, एका वर्कशॉपला महिन्याला १०,००० युनिट वीज आणि जनरेटरसाठी ५०० लिटर डिझेल लागते. लिटरभर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे डिझेलचे १,३४० किलो झाले. विजेचा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. तो युनिटमागे सुमारे ०.७ किलो असल्याने विजेचे ७,००० किलो होतात. धूर जनरेटरचा दिसतो, पण मोठा वाटा वीजबिलात असतो. जगभर वापरल्या जाणाऱ्या जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉलनुसार स्वतः जाळलेले इंधन ‘स्कोप १’मध्ये, विकत घेतलेली वीज ‘स्कोप २’मध्ये आणि पुरवठादार, मालवाहतूक वगैरे ‘स्कोप ३’मध्ये येते. स्कोप ३ची माहिती दुसऱ्यांकडून मागवावी लागते, म्हणून तीच सर्वांत किचकट. इंधनाबाहेरचे स्रोतही सुटून चालत नाहीत. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो.

देशांच्या आकडेवारीसाठी ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट, युरोपीय महासंघाचा ‘एडगर’ हा डेटाबेस आणि भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेले अहवाल उपयोगी पडतात. आलेख काढताना वर्षानुवर्षांचा बदल रेषेने आणि स्रोतांची तुलना स्तंभांनी दाखवणे सोयीचे. खरी चूक एककांत होते. काही तक्त्यांत नुसता कार्बन दिलेला असतो; त्याचा कार्बन डायऑक्साइड करायला ३.६७ने गुणावे लागते. एकूण आणि दरडोई आकड्यांतही गल्लत होते. एकूण उत्सर्जनात भारत चीन आणि अमेरिकेखालोखाल तिसरा आहे, पण दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे.

या कामाची मागणी कायद्यांमुळे वाढली आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ हा व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला. युरोपला पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट किंवा खते पाठवायची तर उत्सर्जनाचा आकडा द्यावा लागतो आणि २०२६ पासून त्यावर कार्बन शुल्क लागू आहे. भारतानेही २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. त्यामुळे कंपन्यांचे सस्टेनेबिलिटी विभाग, सल्लागार संस्था आणि अहवालांची पडताळणी करणाऱ्या संस्था येथे अशी माणसे लागतात.

बारावीनंतर कोणत्याही एकाच शाखेचा आग्रह नाही. अभियंत्याला बॉयलर आणि भट्टी कळते, वाणिज्य पदवीधराला बिले आणि लेखापरीक्षण, तर संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला आकड्यांतली विसंगती. एक्सेल पक्के हवे. पुढे पायथन किंवा आर शिकावे. पदव्युत्तर शिक्षणासाठी आयआयटी मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे पर्यावरण विभाग, तसेच दिल्लीची टेरी स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीज हे पर्याय आहेत. अभियंत्यांना अनुभवानंतर ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची एनर्जी ऑडिटरची परीक्षाही देता येते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सीएसारखी एकच वैधानिक परीक्षा किंवा परवाना या क्षेत्रात नाही. त्यामुळे मूळ पदवी भक्कम असावी आणि प्रमाणपत्र अभ्यासक्रम तिला जोड म्हणून घ्यावेत. फी भरण्यापूर्वी तिथे खऱ्या बिलांवर काम करून घेतात का, हे विचारावे. मुलाचा कल घरीच तपासता येतो. वर्षभराची वीजबिले आणि सिलिंडरची संख्या घ्यावी; १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड देतो. त्यावरून महिन्यांचा आलेख काढायला सांगावे. उन्हाळ्यातला स्तंभ उंच का, हे शोधण्यात ज्याला गोडी वाटते, त्याने या वाटेचा विचार जरूर करावा.