म्हातारी कुत्री सांभाळताना

गेल्या पावसाळ्यात टिळकवाडीतील एका बंद बंगल्याच्या फाटकाशी पांढरी पॉमेरेनियन कुत्री भिजत बसलेली दिसली. मालक गाव सोडून गेलेले. चार दिवसांपुरती म्हणून मी तिला घरी आणली. आई म्हणाली, "म्हातारी आहे रे, मोतीबिंदूही पडलाय. जीव लावशील आणि रडत बसशील."

पशुवैद्यांनी सांगितलेली माहिती इतरांनाही उपयोगी पडावी. उतारवयात कुत्र्याच्या डोळ्यातील भिंग दाट होऊन बाहुली निळसर दिसू लागते. तो मोतीबिंदू नव्हे. दृष्टी बहुधा शाबूत असते. दातांवरून पिलाचे वय बरेचसे नेमके कळते, प्रौढाचे केवळ अंदाजाने. हिचे १० वर्षे धरले. मात्र लहान जातीची कुत्री मोठ्या जातींपेक्षा जास्त जगतात. १४-१५ वर्षे म्हणजे नवल नव्हे.

खरी काळजी हृदयाची. अशा कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाच्या डाव्या बाजूची झडप पुष्कळदा नीट मिटत नाही, रक्त मागे फिरते आणि पुढेपुढे फुप्फुसांत पाणी साचते. हिच्या छातीत तसा आवाज होताच. ती गाढ झोपली की मिनिटाचे श्वास मोजायचे, ३० च्या वर जाऊ लागले तर तडक दवाखाना गाठायचा, असे त्यांनी बजावले.

चार दिवसांचे सात महिने झाले. रेबीजच्या लसीच्या कार्डावर मालक म्हणून आता माझे नाव आहे. रोज रात्री अभ्यास आटोपून मी घड्याळ घेऊन बसतो. २२, कधी २४. काल ग्रंथालयातून यायला उशीर झाला, तर वहीत आईच्या अक्षरात आकडा लिहिलेला होता: २३.