कोरफडीचं पान सुरकुतलं? पाणी घालण्याआधी माती बघा



या वेळचा विषय आहे कुंडीतल्या जाड पानांच्या झाडांचा. कोरफड, जेड, स्नेक प्लांट, पानफुटी. शहरात त्यांना सक्युलंट म्हणतात आणि रोपवाटिकेत चांगला भाव घेतात. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी हे काम सुरू केलंय, म्हणून लिहिते. आणि दुसरं कारण म्हणजे मागच्या पावसाळ्यात एका गटाचं जे नुकसान झालं, त्यात माझाही वाटा आहे.

त्या गटाने अंतर्गत कर्जातून ५,००० रुपये उचलून ६० कुंड्या तयार केल्या होत्या. गणपतीच्या आधी तालुक्याच्या बाजारात विकायच्या असा बेत. जुलै संपता संपता कोरफडीची पानं बारीक आणि सुरकुतलेली दिसायला लागली. मी भेटीला गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "मॅडम, पानं सुकायला लागली, काय करू?" मी समाजकार्य शिकलेली. पान सुकलं म्हणजे झाडाला तहान लागली, एवढंच मला ठाऊक. म्हटलं, पाणी थोडं वाढवा. पंधरा दिवसांत २३ कुंड्या गेल्या. एक झाड उचलायला गेले तर ते मुळांशिवाय हातात आलं, आणि नाकाला पदर लावावा असा वास सुटला. मुळं कुजली होती. झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं होतं.

हे कसं होतं ते समजून घ्या, कारण सगळी चूक इथेच होते. या झाडांच्या पानात पाणी साठलेलं असतं. आपल्या घरातली टाकीच म्हणा. मुळांना ओलाव्याबरोबर हवाही लागते. माती सतत ओली राहिली की मातीतली हवा संपते आणि मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. मग झाड टाकीतलं पाणी वापरतं आणि पान सुरकुततं. म्हणजे पाणी कमी पडलं तरी पान सुरकुततं आणि जास्त झालं तरी सुरकुततं. नुसतं पान बघून निर्णय घेऊ नका.

माती बघायला काही यंत्र लागत नाही. उदबत्तीची काडी किंवा खराट्याची काडी कुंडीच्या कडेने तळापर्यंत घाला आणि दोन मिनिटांनी काढा. माती चिकटून आली किंवा काडी ओलसर लागली तर पाणी नको. कोरडी ठणठणीत आली आणि पान सुरकुतलेलं असेल, तर मात्र खरंच तहान आहे. कुंडी उचलूनही अंदाज येतो, कोरडी कुंडी हलकी लागते. आणि मग पान दाबून बघा. तहानलेलं पान पातळ आणि वाळत घातलेल्या मिरचीसारखं लवचिक लागतं. जास्त पाण्याचं पान पिवळट, काचेसारखं आरपार दिसतं, पिकल्या पपईसारखं दबतं आणि जेडचं असेल तर नुसत्या धक्क्याने गळून पडतं. बुंधा काळा आणि मऊ असेल तर शंका ठेवू नका. अगदी खालचं एखादंच पान कागदासारखं वाळलं असेल तर मात्र घाबरू नका, ते जुनं झालंय.

कुज लागलेलं झाड लगेच टाकूनही देऊ नका. कुंडीतून काढा, माती झटका, काळी आणि बुळबुळीत मुळं स्वच्छ सुरीने कापा. बुंधा कापल्यावर आत तपकिरी डाग दिसत असेल तर आणखी वर कापा, स्वच्छ भाग लागेपर्यंत. मग सावलीत चार-पाच दिवस उघडं ठेवा, काप सुकून खपली धरू दे. काही जणी कापावर हळद लावतात. लावा, पण हळदीपेक्षा ते सुकणं महत्त्वाचं. नंतर कोरड्या मातीत लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. हाताला जमत नाही, कळतंय मला, पण नका देऊ. कोरफड कापताना पिवळा चीक निघतो, त्याने काहींना खाज येते आणि तो पोटात गेला तर जुलाब होतात. हात धुवा, आणि कुजलेल्या पानाचा गर तोंडाला लावू नका.

आता मूळ दुखणं, माती आणि कुंडी. आपली काळी माती शेतात सोनं आहे, पण कुंडीत या झाडांना नकोच. ती पाणी धरून ठेवते. एक भाग साधी माती, एक भाग जाडसर वाळू, अर्धा भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि अर्धा भाग विटांचे बारीक तुकडे, असं करा. किनाऱ्यावरच्या गटांनी समुद्राची वाळू वापरू नये, त्यात मीठ असतं. तेलाचा डबा किंवा प्लास्टिकची बरणी वापरत असाल तर तळाला चार-पाच भोकं हवीतच. मातीची कुंडी लवकर सुकते, प्लास्टिकची सुकत नाही, म्हणून दोन्हींना एकाच दिवशी पाणी द्यायचं नाही. पावसाळ्यात कुंड्या आत घेतल्या असं सगळ्या सांगतात, आणि बघायला जावं तर कुंड्या पागोळ्यांच्या बरोबर खाली. हातभर आत सरकवा.

उन्हाचंही बघावं लागतं. पानाच्या उन्हाकडच्या बाजूलाच पांढरट किंवा तपकिरी कोरडा डाग असेल तर ते भाजणं आहे, रोग नाही. सावलीतली कुंडी एकदम एप्रिलच्या उन्हात ठेवली की असं होतं. डाग जात नाही, पण झाड मरत नाही. आठवडाभर फक्त सकाळचं ऊन देऊन सवय लावा. कोरफड तांबूस झाली तर थोड्या सावलीत न्या, परत हिरवी होते. उलट झाड लांबुळकं, फिकं होऊन एका बाजूला झुकत असेल तर उजेड कमी पडतोय.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग दिसली की बेचकं उघडून बघाच, त्या या किडीचा गोड चिकटा खायला येतात. ती कुंडी आधी वेगळी करा. दवाखान्यात सुई टोचण्याआधी लावतात ते स्पिरिट कापसाला लावून कीड पुसून घ्या. जास्त असेल तर १ लिटर पाण्यात ५ मिली कडुलिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून बघा. आणि दुधासाखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकणं बंद करा, मुंग्यांना ते आमंत्रण आहे.

पहिल्या गटाचं पुढे काय झालं ते सांगते. आम्ही बसून बोललो तेव्हा एक गोष्ट निघाली जी मला सुचली नसती. कुंड्यांना पाणी घालायला रोज एकीची पाळी होती. जिची पाळी ती तांब्याभर पाणी घालणारच, नाही घातलं तर बाकीच्या म्हणतील हिने काम चुकवलं. जुलैच्या दमट हवेतसुद्धा रोज तांब्या! कुणाचाच आळस नव्हता, हेच नडलं. आता पाळी काडी घालून बघायची आहे. वहीत तारीख, कुंडीचा नंबर, काडी ओली की कोरडी आणि सही. पाणी फक्त कोरडीला, आणि तेही तळातून बाहेर येईपर्यंत भरपूर. राहिलेल्या ३७ कुंड्यांपैकी २९ दिवाळीत विकल्या, कर्जाचे तीन हप्ते गेले. बाकीचे हप्ते चालू आहेत.

पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला ज्यांच्याकडे आजारी झाड असेल त्यांनी कुंडीसकट घेऊन या, सगळ्या मिळून मुळं बघू. पिठ्या ढेकूण असेल तर मात्र पिशवीत घट्ट बांधून आणा, नाहीतर तो बैठकीतून सगळ्यांच्या घरी जाईल.