वाहनास वळण कसे मिळते?
रथाच्या पाचरीपासून रेडिओ-नियंत्रित गाडीपर्यंत

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे गाव आहे. कावेरीच्या या सपाट प्रदेशावर १७९९ पर्यंत भोसले घराण्याचे राज्य होते. त्यामुळे मराठी वाचकास तो परका नाही. येथील देवळांचे रथोत्सव प्रसिद्ध आहेत. जवळच्याच तिरुवारूर येथील रथ शृंगारल्यावर सुमारे ९६ फूट उंच होतो. हजारो माणसे दोर ओढून तो चालवितात.

अशा रथास सुकाणू नसते. त्याचे आस सांगाड्याशी घट्ट बसविलेले असतात. रथ वळवावयाचा झाल्यास अनुभवी माणसे फिरत्या चाकापुढे लाकडी पाचर सरकवितात. एका बाजूचे चाक अडले, की दुसऱ्या बाजूचे चाक पुढे जाते आणि रथाचे तोंड फिरते. हे काम जोखमीचे आहे, कारण पाचर लावणाऱ्याचा हात चाकापासून वीतभर अंतरावर असतो. तिरुवारूरच्या रथास तिरुचिरापल्ली येथील ‘भेल’ कारखान्याने द्रवदाबाचे ब्रेक बसविले, ते याच कारणास्तव. २७ एप्रिल २०२२ रोजी तंजावरजवळील कळिमेडू येथे एक रथ उच्च दाबाच्या वीजतारेस लागून ११ जण मृत्युमुखी पडले. वाहन नेमके कोठून जाणार हे आधी ठाऊक असणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येते.

आता त्याच नियमांचे लहान रूप पाहू. रेडिओ-नियंत्रित शर्यतीची गाडी हातात मावेल एवढी असते; परंतु तिचे वळणे हे मोठ्या मोटारीच्या वळण्यासारखेच आहे.

गाडी वळते तेव्हा तिची चारही चाके एकाच मध्यबिंदूभोवती फिरली पाहिजेत. आतील चाकाचे वर्तुळ लहान व बाहेरील चाकाचे मोठे असते. म्हणून पुढील दोन्ही चाके सारख्याच अंशांनी वळविल्यास एक चाक जमिनीवर घासू लागते. म्युनिक येथील गाड्या बांधणारे लांकेन्स्पर्गर यांनी १८१७ मध्ये यावर उपाय शोधला. १८१८ मध्ये आकरमान यांनी त्याचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. चाकांच्या भुजा किंचित आत कललेल्या ठेवल्या, की आतील चाक आपोआप अधिक वळते. समजा, पुढील व मागील आसांत २८० मिलिमीटर आणि पुढील चाकांच्या दोन खिळींत २०० मिलिमीटर अंतर आहे. आतील चाक ३० अंश वळले, तर बाहेरील चाक सुमारे २२ अंशच वळले पाहिजे.

चाके वळविणाऱ्या छोट्या विद्युत्‌यंत्रास सर्व्हो म्हणतात. नियंत्रक त्यास दर सेकंदास साधारण ५० स्पंद पाठवितो. स्पंद १.५ सहस्रांश सेकंदाचा असेल तर सर्व्होची भुजा मध्यावर राहते. तो लांबला किंवा आखूड झाला, की भुजा एका वा दुसऱ्या बाजूस फिरते.

सुकाणू जुळविण्याचा क्रम असा :

१. प्रथम नियंत्रक सुरू करावा, मग गाडी. नियंत्रकावरील सूक्ष्म-समायोजन शून्यावर आणावे.

२. सर्व्हो मध्यावर आल्यानंतरच त्याची भुजा जोडदांडीशी काटकोनात बसवावी.

३. डाव्या व उजव्या जोडदांड्यांची लांबी सारखी करावी. मग गाडी वरून पाहून पुढील चाके समांतर करावीत.

४. चाके शेवटपर्यंत वळवून पाहावीत. चाक अडूनही सर्व्हो ढकलीत राहिला, तर तो तापतो व बिघडतो. म्हणून त्याच्या हालचालीची मर्यादा कमी करावी.

५. सपाट जमिनीवर गाडी सरळ सोडावी. नंतर दोन्ही बाजूंस पूर्ण वळण देऊन वर्तुळे मोजावीत. ती सारखी असली पाहिजेत.

समांतर चाकांत थोडा फरक मुद्दाम केला जातो. पुढील चाकांची टोके किंचित बाहेर वळविल्यास गाडी वळणात लवकर शिरते. आत वळविल्यास ती सरळ धावण्यात स्थिर होते. एका वेळी एकच बदल करावा व परिणाम टिपून ठेवावा, नाही तर कोणत्या कारणाने काय घडले हे कळत नाही.

लहानशी चूकही उपेक्षणीय नाही. वर सांगितलेल्या गाडीची चाके केवळ १ अंश वाकडी राहिली, तर ती १६ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धावू लागते व १० मीटर जाईतो सुमारे ३ मीटर बाजूस सरकते. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या पायावर ती आदळू शकते. म्हणून अशी गाडी मोकळ्या मैदानातच चालवावी.

पाचर लावणारा माणूस आणि नियंत्रक हाती धरलेला विद्यार्थी एकाच प्रश्नाचे उत्तर शोधीत असतात : कोणते चाक किती अडवावे अथवा वळवावे, म्हणजे वाहन हव्या त्या वाटेने जाईल? रथावर ते उत्तर पिढ्यांच्या अनुभवाने मिळाले. लहान गाडीवर ते मोजपट्टी व कोनमापकाने कोणासही पडताळून पाहता येते.