बीदरचे बंदर : दाभोळ

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील आपल्या पुष्कळ मुलांनी समुद्र पाहिलेला नसेल. तरी एके काळी बीदरचा व्यापार समुद्रावर अवलंबून होता, हे या पाठात आपण पाहू. यरुशलेम डोंगरावर वसलेले; पण मंदिरासाठी लबानोनाचे लाकूड याफो बंदरात उतरले, हे मुलांना ठाऊक आहे. तसे बहामनी राजधानी बीदरचे एक मोठे बंदर म्हणजे दाभोळ.

दाभोळ रत्नागिरी जिल्ह्यात, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी आहे. पंधराव्या शतकात इराण व अरबस्तानाकडील जहाजे तेथे येत. दख्खनमध्ये चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे, म्हणून घोडे समुद्रमार्गे आणून घाटाने देशावर नेत. माणसेही येत. इराणच्या गिलान प्रांतातील महमूद गवान १४५३ साली दाभोळास उतरून बीदरला आला व पुढे वजीर झाला. १४७२ मध्ये बांधून झालेला त्याचा मदरसा आजही बीदरात अर्धवट पडलेल्या स्थितीत उभा आहे. शहराजवळील हबशी कोट ही टेकडी आफ्रिकेतून आलेल्या सरदारांची आठवण देते.

रशियाचा ख्रिस्ती व्यापारी अफनासी निकितिन १४७० च्या सुमारास बीदरात होता. तेथे त्याने आपला घोडा विकला. परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला. येथील सरदार फार श्रीमंत, पण खेड्यांतील लोक अत्यंत हलाखीत आहेत, असे त्याने लिहून ठेवले.

बहामनी सत्ता मोडल्यावर दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीकडे गेले. १५०८ साली चौलजवळ इजिप्त व गुजरातच्या आरमाराशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा मारला गेला. सुडाने पेटलेल्या आल्मेदाने त्याच वर्षाच्या अखेरीस दाभोळ जाळले व बायकामुलांसह रहिवाशांची कत्तल केली. त्या लढाईत दाभोळच्या बायकामुलांचा काय दोष होता? हे करणारे स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते. शिक्षकांनी हा भाग गाळू नये. मुलांना तो आपल्याच तोंडून कळावा, हे बरे.

दाभोळ पुन्हा वसले, पण पूर्वीचे वैभव टिकले नाही. आज ते मच्छीमारांचे गाव आहे.

वर्गात विचारण्यासाठी :

१. नकाशात दाभोळ, चौल व बीदर दाखवा. मध्ये कोणता पर्वत लागतो?

२. बीदरात एवढी संपत्ती येत असता खेड्यांतील लोक गरीब का राहिले असतील?

३. एकाने केलेल्या कृत्याचा सूड दुसऱ्यावर उगवल्याचे उदाहरण आपल्या गावात दिसते काय? तेथे आपण काय करावे?