ब्रेकची नळी बदलावी का?

यवतमाळ शहर पठारावर वसलेले आहे. शहरातून धामणगावच्या रस्त्याला लागले की करळगावचा घाट येतो. घाटाच्या उतारावर सायकलला पायडल मारावे लागत नाही. पण वळणावर अचानक बैलगाडी दिसली, की सारी मदार हाताच्या चार बोटांवर येते. बोटांनी लिव्हर दाबला आणि चाक थांबले, तर मधल्या मध्ये काय घडले? आणि चाक थांबले नाही, तर दोष कोणाचा? आज आपण याचाच शोध घेऊ. त्यासाठी प्रथम एका वेगळ्याच खेळाकडे वळू या.

दगडावरची सायकल

या खेळाचे नाव ट्रायल्स. मोटारसायकलच्या अशाच खेळावरून तो 1970 नंतरच्या दशकात स्पेनमध्ये रूढ झाला. यात वेगाला महत्त्व नाही. मोठमोठे दगड, ओंडके, उंच ओटे यांवरून सायकल उड्या मारीत न्यायची. पाय जमिनीला टेकला तर तो दोष धरतात. स्वार कधी कधी नुसत्या मागच्या चाकावर, दगडाच्या टोकाशी उभा राहतो. त्या क्षणी चाक बोटभर जरी फिरले तरी तोल गेलाच म्हणून समजा. म्हणून एका बोटाच्या दाबाने चाक जागच्या जागी जखडले पाहिजे.

अशा सायकलींना पुष्कळदा द्रवचालित ब्रेक असतो. जर्मनीतील मागुरा कंपनीने 1987 साली रिमवर चालणारा असा ब्रेक बाजारात आणला, आणि ट्रायल्सच्या स्वारांत तो फार लोकप्रिय झाला. लिव्हर दाबला की लहान सिलिंडरातील दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून चाकापाशी जाते. तेथील दोन दट्ट्ये ब्रेकचे गुटके रिमवर दोन्ही बाजूंनी दाबतात.

आता प्रश्न असा. प्लॅस्टिकची नळी दाबाने थोडी फुगते. म्हणून बाजारात पोलादी तारांचे विणलेले वेष्टन असलेली महाग नळी मिळते. ती बसवून ब्रेक खरोखर सुधारतो का?

पास्कल काय म्हणतो?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम तुम्हांला ठाऊक आहे. मग नळी फुगली म्हणून चाकापाशी दाब कमी पोहोचेल का? नाही. लिव्हर दाबून स्थिर धरला की तेलाचा दाब नळीच्या दोन्ही टोकांना सारखाच असतो. फुगलेली नळी बल खात नाही, ती अंतर खाते. म्हणजे लिव्हर थोडा अधिक दाबावा लागतो. हे अंतर फार वाढून लिव्हर हॅण्डलला टेकला, तरच खरे संकट. कारण मग बोटांत बळ असूनही ते तेलापर्यंत पोहोचत नाही.

किती अंतर जाते? हिशेबापुरते काही सोपे आकडे घेऊ. नळीचा आतील व्यास 2 मिलिमीटर आणि लांबी 1200 मिलिमीटर माना. तिच्यात सुमारे 3770 घन मिलिमीटर तेल मावेल. दाबाने तिचे आकारमान 1 टक्का वाढले, तर सुमारे 38 घन मिलिमीटर तेल जास्त लागेल. लिव्हरजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ 100 चौरस मिलिमीटर असेल, तर दट्ट्या 0.38 मिलिमीटर अधिक सरकेल. लिव्हर ही तरफ आहे. बोट दट्ट्याच्या पाचपट सरकते असे धरले, तर बोटाला सुमारे 2 मिलिमीटर जास्त जावे लागेल. महाग नळीने फुगणे निम्म्यावर आले, तर वाचले किती? 1 मिलिमीटर!

आता तेलात 0.2 मिलिलिटर, म्हणजे 200 घन मिलिमीटर हवेचा बुडबुडा राहिला आहे असे समजा. बॉइलच्या नियमाप्रमाणे दाब 50 पट झाला की हवेचे आकारमान पन्नासावा हिस्सा होते. 200 चे झाले 4. उरलेले 196 घन मिलिमीटर भरून काढायला दट्ट्या जवळजवळ 2 मिलिमीटर सरकेल आणि बोट सुमारे 10 मिलिमीटर. वाटाण्याहूनही लहान बुडबुडा नळीच्या फुगण्यापेक्षा पाचपट अंतर खातो. आणि तो काढायला नवी नळी लागत नाही. योग्य तेल भरून हवा बाहेर काढली की झाले.

करून पाहा

औषधाच्या दुकानातून 10 मिलिलिटरच्या दोन नव्या सिरिंज सुईशिवाय आणा. दवाखान्यातल्या वापरलेल्या सिरिंज मुळीच घेऊ नका. सलाईनच्या नळीसारख्या घट्ट नळीने दोन्ही सिरिंज जोडा आणि हवा न राहील अशा बेताने पाणी भरा. मित्राला एका सिरिंजचा दट्ट्या पक्का धरून ठेवायला सांगा व दुसरा दट्ट्या तुम्ही दाबा. तो जेमतेम हलेल. आता 1 मिलिलिटर हवा आत राहू द्या व पुन्हा दाबा. शेवटी हवा काढून घट्ट नळीच्या जागी मऊ रबरी नळी लावा. तिन्ही वेळा दट्ट्या किती सरकला ते सिरिंजवरच्या खुणांवरून वहीत लिहा. नळी निसटून पाणी उडू शकते, म्हणून तोंड दूर ठेवा.

आणखी कोण अंतर खाते?

बुडबुडा गेला तरी काही चोर उरतात. गुटके दाबले जातात. ते रिमला रेटतात तेव्हा ज्या नळ्यांवर ब्रेक बसवलेला असतो त्याही किंचित बाहेर फाकतात. म्हणून ट्रायल्सचे स्वार त्या जागी घोड्याच्या नालेसारखी एक मजबूत कमान बसवतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गुटका व रिम यांमधले घर्षण. कित्येक स्वार रिम मुद्दाम खरवडून खडबडीत करतात, तर काही जण तिला डांबराचा हात फिरवतात! तुम्ही रस्त्यावरच्या सायकलला असे काही करू नका. ब्रेक एकदम जखडला तर तोंडावर पडाल.

तेव्हा क्रम असा: आधी घर्षण, मग हवा, मग आधाराचा मजबूतपणा आणि अखेरीस नळी. पहिली तिन्ही कामे झालेल्या कसलेल्या स्वाराला तो 1 मिलिमीटर मोलाचा वाटेल. विणीच्या वेष्टनामुळे दगडाशी घासून नळी फाटण्याचे भयही कमी होते. पण हवा न काढता नळी बदलणे म्हणजे गळक्या माठाला नवे झाकण घेणे.

आता आपली सायकल

तुमच्या सायकलला तेल नाही, वायर आहे. वायर आणि तिच्यावरचे कव्हर अशी ही रचना बाउडेन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी 1896 साली इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. येथे मात्र गोष्ट उलटी आहे. वायर कव्हरच्या वळणावर घासते आणि हे घर्षण अंतर नव्हे, बलच खाते.

कव्हरची सर्व वळणे मिळून अर्धे वर्तुळ, म्हणजे 180 अंश होतात असे धरा. घर्षणगुणक 0.1 असेल, तर 100 न्यूटन बलापैकी सुमारे 73 न्यूटन चाकापाशी पोहोचते. आपल्याकडची काळी माती, धूळ आणि पावसाने आलेला गंज यांमुळे गुणक 0.3 झाला, तर पोहोचते फक्त 39. वायर फार लांब ठेवून पूर्ण वेढा घातला असेल, तर त्या 39 पैकी पुन्हा 39 टक्केच पुढे जाईल, म्हणजे अवघे 15!

म्हणून ट्रायल्सच्या सायकलला महाग नळीने जो लाभ होतो, त्याहून कितीतरी मोठा लाभ तुमच्या सायकलला साधी नवी वायर व कव्हर घातल्याने होईल. वायर खालच्या टोकाला मोकळी करून कव्हरमध्ये हाताने पुढेमागे ओढून पाहा. अडकत असेल तर बदला. तुटलेले धागे दिसले तर त्याच दिवशी बदला. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखाली करा आणि घाटात नेण्यापूर्वी सपाट जागी सायकल थांबवून पाहा.

पावसाळ्यात आणखी एक जपा. ओल्या पोलादी रिमवर ब्रेकची पकड पुष्कळच घटते. उतारापूर्वी ब्रेक हळूच लावत राहा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाईल. आणि वेग आधीच आवरा.

मित्रांनो, यंत्र बिघडले की आपण प्रथम दुकानात काय मिळते ते पाहतो. त्याआधी विचारावे: बल हरवते आहे की अंतर? आणि नेमके कोठे? उत्तर मिळाले की पैसाही वाचतो, आणि घाटातल्या वळणावर कदाचित त्याहून मोलाचे काही.

विचार करा

1. रॉड ब्रेकच्या सायकलला वायर नसते. तेथे अंतर कोठे हरवत असेल?
2. वरील उदाहरणात नळीची लांबी निम्मी केली, तर बोटाचे किती अंतर वाचेल?
3. पुढच्या आणि मागच्या ब्रेकपैकी कोणाच्या वायरमध्ये जास्त बल हरवेल? आपल्या सायकलवरची वळणे मोजून सांगा.