एसटीवरची अक्षरं

प्रश्न : सनबोर्डची लाल एसटी बनवली आहे. बाजूला पांढऱ्या रंगात ‘गारगोटी आगार’ लिहायचंय, पण सेलोटेप काढताना खालचा रंगच सोलून निघाला. स्वस्तातलं काही सुचवा.
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : सेलोटेपचा नाद सोडा. नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याकडे कापून उरलेले तुकडे मागा, बहुधा फुकटच मिळतील. त्यात ब्लेडनं अक्षरं कोरा. लावण्याआधी तुकडा दोनदा शर्टावर दाबून उचला, गोंद नरम पडतो. ‘टी’च्या वेलांटीच्या पोटातला बारका तुकडा जपा, तो हमखास हरवतो! लाल रंग पुरता वाळल्यावरच स्टिकर लावा. मग कोरलेल्या कडांवरून आधी पुन्हा लालच रंगाचा पातळ हात फिरवा. फट राहिली असेल तर लालच झिरपेल, दिसणार नाही. तो सुकला की जवळपास कोरड्या स्पंजनं पांढरा टिपा आणि ओलसर असतानाच स्टिकर आडवा, सावकाश ओढा.