आधी अवयव, मग आलेख, आणि मग झोप!

अवयव पाडायला घेतले की अडतात, आणि आलेख काढायला घेतला की कागदावर नुसती वळवळ उमटते, हीच तक्रार ना गं तुझी? सकाळी शाळा, दुपारी बडोद्याला ट्युशन, संध्याकाळी बसमध्ये उभं राहून डभोईला परत, आणि जेवण उरकून पुन्हा तीच वही. त्यात घरात कुणीतरी म्हणणार, मुलीने ए ग्रुप कशाला घ्यायचा, बी घेतला असता तर गणिताची कटकट तरी नसती. बघ, हे बोलणं आधी कानाबाहेर टाक. आपलं डभोई बडोदे संस्थानात होतं, आणि सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं ते मुलींसकट. मुलींनी काय झेपवावं हा वाद आपल्या गावात आता जुना झालाय. तुला पुढे बडोद्याच्या कलाभवनात इंजिनिअरिंगला जायचंय ना? मग बस अशी समोर, वही उघड, आणि पेन्सिलीला टोक करून घे. बोथट पेन्सिलीने आलेख काढायचा नाही, हा पहिला नियम.

खरं सांगू का, तुझं अडतंय ते बुद्धीपाशी नाही, मांडणीपाशी. अवयव हा एक धडा आणि आलेख हा दुसरा, असं तू धरून चालतेस. एक संपला की सुटले म्हणतेस आणि दुसऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतेस. अगं, ते एकच काम आहे. अवयव हाती आले की निम्मा आलेख काढून झालेला असतो, आणि आलेख नीट आला नाही तर समजायचं की अवयवांत कुठेतरी चिन्ह चुकलंय. एवढं डोक्यात बसलं ना, की बाकीचं सगळं सरावाचं.

आता हे घे: क्ष³ − २क्ष² − ५क्ष + ६. घाबरून सूत्र शोधत बसू नकोस. आधी सगळे सहगुणक मिळव. १ वजा २ वजा ५ अधिक ६, झालं शून्य. बेरीज शून्य आली की डोळे मिटून लिही, क्ष − १ हा अवयव आहे. कारण साधं आहे. क्षच्या जागी १ ठेवला की घन काय, वर्ग काय, सगळे १ च राहतात, म्हणजे उरते ती फक्त सहगुणकांची बेरीज. मग संश्लेषक भागाकार कर: १, −२, −५, ६ यांना १ ने भागलंस की १, −१, −६ आणि बाकी शून्य. म्हणजे क्ष² − क्ष − ६, आणि हे तर तू नववीपासून सोडवतेस. (क्ष − ३)(क्ष + २). संपलं.

आणि बेरीज शून्य आली नाही तर? तर शेवटचं स्थिर पद बघ. घनाचा सहगुणक १ असेल, तर पूर्णांक शून्यं त्या स्थिर पदाच्या विभाजकांतच दडलेली असतात. इथे ६ आहे, म्हणजे धन-ऋण मिळून १, २, ३, ६. आठच संख्या, आठही तपासाव्या लागत नाहीत. पहिलं शून्य सापडलं की भागाकार करून खाली यायचं. दुसरंही तसंच हुडकत बसलीस तर वेळ जाईल आणि परीक्षेत तो मिळत नाही.

एक जागा मात्र जपून. एखादं पद गायब असेल, जसं क्ष³ − ७क्ष + ६, तर भागाकारात वर्गाच्या जागी शून्य मांडायचं. १, ०, −७, ६. ते शून्य विसरलं की पुढचं सगळं एक घर सरकतं, आणि मग तू म्हणतेस पुस्तकातलं उत्तर चुकलंय. पुस्तकातलं उत्तर क्वचित चुकतं गं, आपलं शून्य नेहमी राहतं.

आता आलेखाकडे वळ. मी अकरावीत पहिल्यांदा असा आलेख काढला, तेव्हा आईने वही हातात घेऊन विचारलं होतं, ही चांदोदची नर्मदा काढलीस का? तर तुझी नर्मदा होऊ नये म्हणून क्रम सांगते, तो पाठच कर.

आधी क्ष-अक्षावर शून्यं मांड. अवयव (क्ष + २) असला तर शून्य −२ वर, +२ वर नाही. मग क्षच्या जागी ० ठेव. स्थिर पद ६ आलं, म्हणजे उभ्या अक्षाला आलेख ६ वर छेदतो. मग दोन्ही टोकं बघ. सर्वांत मोठ्या घाताचं पद घन आहे आणि सहगुणक धन आहे, म्हणून डावं टोक खाली आणि उजवं टोक वर. घात सम असता तर दोन्ही टोकं एकाच बाजूला गेली असती. शेवटी शून्यांच्या मधल्या आणि पलीकडच्या भागांत एकेक किंमत काढ. −१ ला ८ येतं, २ ला −४ येतं, ४ ला १८. आता हात सैल सोडून एक सलग रेघ ओढ. टोकदार कोपरे नकोत, पट्टीचे तुकडे नकोत. बहुपदीचा आलेख कुठेही तुटत नाही आणि कुठेही टोचत नाही.

इथे बहुतेक मुली एक गडबड करतात. वळणाचा सर्वांत उंच बिंदू उभ्या अक्षावरच, ६ वर, काढून मोकळ्या होतात. अगं, −१ ला किंमत ८ आहे, मग ६ हा माथा कसा असेल? दोन शून्यांच्या बरोबर मधोमधही माथा असतोच असं नाही. −२ आणि १ यांचा मध्य −०.५, पण वळण येतं साधारण −०.७९ पाशी. ते नेमकं काढायचं तंत्र विकलनात येतं. तोवर माथा डावीकडे किंचित कललेला दाखवलास तरी पुरे.

आता तुला एक जुनं गणित देते, म्हणजे कळेल की हे घनाचं लचांड काही आजचं नाही. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० साली पुरा केला, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. त्यातल्या बीजगणितात त्यांनी विचारलंय, अशी कोणती संख्या, की तिची १२ पट आणि तिचा घन मिळवला तर तिच्या वर्गाची ६ पट अधिक ३५ एवढं होतं? चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद त्यात आहे. म्हणजे हेच घन घोकणारी पोरं तेव्हाही होती बघ!

सोडव की. सगळं एका बाजूला आण: क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५. चिन्हं बघ, धन, ऋण, धन, ऋण. क्षच्या जागी कुठलीही ऋण संख्या ठेवलीस तर चारही पदं ऋण होतात, मग बेरीज शून्य होणार कशी? म्हणजे ऋण उमेदवार एका फटक्यात बाद. उरले १, ५, ७ आणि ३५. १ ला −२८ येतं. ५ ला १२५ − १५० + ६० − ३५, म्हणजे शून्य. सापडलं! भागाकार केलास की (क्ष − ५)(क्ष² − क्ष + ७). त्या दुसऱ्या कंसाचा विवेचक १ − २८ म्हणजे −२७, ऋण, म्हणून पुढे वास्तव अवयव नाहीत. तू इथे थांबतेस आणि वाटतं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नाही. घनाला तीन वास्तव शून्यं असलीच पाहिजेत असा नियम नाही, निदान एक मात्र हवंच.

भास्कराचार्यांनी याहून सुंदर वाट काढली. ३५ मधले ८ वेगळे केले, की उरतं (क्ष − २)³ = २७. घनमूळ ३, म्हणून क्ष ५. आणि आलेखही याच ओळीतून दिसतो बघ. तो क्ष³ चाच आलेख आहे, फक्त २ घरं उजवीकडे आणि २७ घरं खाली सरकवलेला. २ पाशी क्षणभर सपाट होतो, वळत मात्र नाही, पुन्हा वर चढतो आणि ५ ला अक्ष ओलांडतो. वळण नाही म्हणून आलेख चुकला असं समजून खोडू नकोस.

आता तू विचारशील, ताई, याचा उपयोग काय? बारावीच्या पुस्तकात एक प्रश्न आहे. १८ सेमी बाजूच्या चौरस पत्र्याच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापायचे, कडा वर दुमडायच्या, आणि जास्तीत जास्त मावेल असं झाकण नसलेलं खोकं करायचं. पत्र्याच्या जागी घरातला जुना पुठ्ठा घे आणि खरंच कापून बघ. कापलेल्या चौरसाची बाजू क्ष, तर घनफळ क्ष(१८ − २क्ष)². कंस अजिबात सोडवू नकोस! अवयव आयते मिळालेत, ते विस्कटून पुन्हा गोळा कशाला करायचे? शून्यं ० आणि ९. पण ९ चा अवयव वर्गात आहे, म्हणून तिथे आलेख अक्ष ओलांडत नाही. दारापर्यंत येऊन “घाईत आहे गं” म्हणत परत फिरणाऱ्या शेजारणीसारखा तो अक्षाला टेकतो आणि मागे वळतो. आता किंमती घे. २ ला ३९२, ३ ला ४३२, ४ ला ४००. माथा ३ च्या आसपास आहे हे तुला विकलनाआधीच कळलं. विकलन केलंस की (१८ − २क्ष)(१८ − ६क्ष) येतं, पुन्हा अवयवच, आणि उत्तर बरोबर ३ सेमी. ९ च्या पुढे आलेख वर जातो खरा, पण तिथे कापायला पुठ्ठाच उरत नाही. म्हणून उत्तर लिहिताना ‘० आणि ९ च्या दरम्यान’ हे लिहायचं. ते लिहिलं नाही, तर खोकं नसलेल्या खोक्याचं घनफळ सांगून बसशील.

बघ, म्हणूनच म्हणते, अवयव कच्चे ठेवू नकोस. अकरावीत सीमा काढताना वर-खाली शून्य आलं की अवयवच सोडवतात. बारावीत फलन कुठे वाढतं, कुठे घटतं, ते विकलजाच्या अवयवांवरून कळतं. संकलनात आंशिक अपूर्णांक करायचे तरी छेदाचे अवयव आधी लागतात. एक गोष्ट पक्की केलीस की तीन धड्यांत सुटतेस.

आणि चार किंवा पाच घाताचं दिसलं तरी हातपाय गाळू नकोस. पाचव्या घातासाठी वर्गसमीकरणासारखं मूळचिन्हांचं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या नील्स आबेलने १८२४ साली सिद्ध केलं. वय काय होतं त्याचं? २१ - २२. म्हणजे असं सूत्र तुला कुणी विचारणारच नाही. पेपर काढणाऱ्याने आधी सोपी शून्यं ठरवली आणि मग कंस गुणून प्रश्न तयार केला, असंच बहुधा असतं. तू फक्त त्याचं काम उलटं करायचंस. १, −१, २, −२ एवढं तपासलंस तरी बऱ्याचदा दार उघडतं.

गुजसेट या प्रवेश परीक्षेचं वेगळं सांगते. गणिताचे ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. तिथे पर्याय समोर असतात, मग अवयव पाडत शौर्य गाजवू नकोस. पर्यायातली किंमत ठेवून बघ, शून्य आलं की पुढे चल. आलेख ओळखायचा असेल तर दोन टोकं आणि स्थिर पद एवढंच बघ, चारपैकी दोन पर्याय तिथेच गळतात. बोर्डाच्या लेखी उत्तरात मात्र असली चलाखी चालत नाही. तिथे पायऱ्या लिही, अक्षांना नावं दे, प्रमाण लिही.

रोज दहा गणितांचा संकल्प करू नकोस, तो तिसऱ्या दिवशी मोडतो. रोज एकच बहुपदी घे. अवयव पाड, लगेच त्याच पानावर आलेख काढ, आणि उत्तरांची मागची पानं न बघता ताळा घे: शून्यं अवयवांशी जुळतात का, उभा अक्ष स्थिर पदावर छेदला का, टोकं बरोबर दिशेला गेली का. तिन्ही जुळलं तर गणित बहुधा बरोबर, कुणाला विचारायची गरज नाही. मैत्रिणीची वही बघून स्वतःला कमी लेखायचं नाही, आणि रात्री अकरानंतर बीजगणित करायचं नाही. दमलेल्या डोळ्यांना वजाचं चिन्ह दिसत नाही गं.

आज रात्री हे एकच सोडव: क्ष³ − ३क्ष + २. वर्गाच्या जागी शून्य मांडायला विसरू नकोस, आणि एक अवयव दोनदा आला तर दचकू नकोस, तो कुठे टेकतो ते आलेखात दाखव. झालं की वहीचा फोटो मला पाठव आणि सरळ झोपायला जा.